टोळंबीचं तेल: उन्हावर विसंबलात तर फसाल

मोह म्हटला की फुलं आणि दारू, एवढंच लोकांना आठवतं. फुलं चैत्रात गळतात. तेलवाल्या माणसाचं काम सुरू होतं ते फळं पिकल्यावर, म्हणजे नेमकं सातपुड्यावर आभाळ दाटून येतं तेव्हा. फळातली बी ती टोळंबी. गुजरातच्या शिवेकडे डोळी म्हणतात. तिचं तेल धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दिव्याला, भेगाळलेल्या टाचांना आणि भाजी-भाकरीलाही वापरत आलेत. थंडीत ते तुपासारखं गोठतं.

फळं झाडाखालची वेचा, झाड झोडपू नका. गर पिळून बी काढा, धुवा.

आता खरी गोष्ट. सांगणारे सांगतात, "टोळंबी फोडून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा." आषाढात कडक ऊन कुठून आणायचं? पहिल्या वर्षी मीही हेच ऐकलं. दोन दिवस धाब्यावर पसरली, तिसऱ्या दिवशी झड लागली, म्हणून घाईघाईनं सालासकट पोत्यात भरली. आठ दिवसांनी तोंड सोडलं तर आत ऊब, वर बुरशी आणि कुबट वास. तरी गाळून घेतली. तेल निघालं, पण तिखट वासाचं, काळपट. दिव्यात घातलं तर घरातली माणसं ओट्यावर जाऊन बसली.

कारण साधं आहे. ओल राहिली की बीमधलं तेल बीमध्येच फुटायला लागतं आणि त्यातली आम्लं वाढत जातात. मग कितीही गाळा, उकळा, ते तेल सुधारत नाही.

पुढच्या वर्षी पाड्यावरच्या एका आजीनं करून दाखवलं, तेव्हापासून मी असंच करते. बी धुतल्यावर एक दिवस सावलीत वारा लागू द्यायचा, म्हणजे टरफल जरा सुटतं. मग दगडानं हलक्या हातानं फोडून आतली डाळ त्याच दिवशी वेगळी करायची. टरफलासकट वाळवायचा आळस नकोच, आतली ओल बाहेर पडत नाही. डाळी घराच्या आत, एकाच थरात पसरा. दोन दिवसांनी बांबूच्या तट्ट्यावर घालून चुलीच्या वर, हातभरापेक्षा जास्त उंचीवर टांगा. रोजचा स्वयंपाक चालू असतो, तेवढी धग पुरते. मुद्दाम जाळ वाढवू नका. डाळ भाजली की तेल तट्ट्यावरच पाझरतं आणि उरलेल्याला करपट वास येतो. रोज एकदा हात फिरवून डाळी उलटा. मला पाच-सहा दिवस लागतात, झड लागली तर आठ.

वाळली की नाही हे रंगावरून ठरवू नका. मोडून पाहा: कट्कन मोडायला हवी, वाकली तर ओली. तरी शंका असेल तर मूठभर डाळी कोरड्या काचेच्या बाटलीत घालून झाकण लावा आणि ऊन पडलं की तासभर उन्हात ठेवा. काचेला आतून घाम आला की परत तट्ट्यावर.

वाळलेली डाळ डब्यात महिनाभर राहते. पोत्यात नको.

पुढचं सगळं सोपं. डाळ उखळात भरड कुटा, टोपलीत घालून उकळत्या पाण्याच्या भगुण्यावर वाफवा, गरम असतानाच घाण्यावर द्या. गार झाली की तेल पेंडीतच अडकतं. पाच किलो डाळीला मला सव्वा ते दीड किलो तेल मिळतं. घाणेवाला जास्त सांगत असेल तर त्याला सांगू द्या. तेल दोन दिवस थाऱ्यावर ठेवा, गाळून घ्या. स्वयंपाकाला वापरायचं तर आधी चांगलं कडवून घ्या, कडवटपणा बराच कमी होतो.

राहिली पेंड. ती गुरांना घालू नका. तिच्यात साबणासारखा फेस करणारं सॅपोनिन असतं, आणि म्हणूनच जुनी माणसं तीच पेंड डोहात कालवून मासे धरायची. ओढ्याकाठी भांडी धुताना हे ध्यानात ठेवा. शेतात खत म्हणून चालते, पण गांडूळखताच्या खड्ड्यापासून लांब. माझ्या एका मैत्रिणीनं टोपलीभर ओतली, आणि सकाळी सगळी गांडुळं वर येऊन मेलेली.