अलंकार पाठ करू नका, एकच वाक्य फिरवून पाहा

साहित्यातल्या संज्ञांच्या व्याख्या पाठ केल्या की परीक्षेपुरत्या राहतात, पण कविता समोर आली की उपमा कुठली आणि उत्प्रेक्षा कुठली हेच कळेनासं होतं. त्यापेक्षा एक साधं वाक्य घ्या आणि तेच बदलत जा.

‘धुकं चादरीसारखं पसरलं’ ही उपमा. ‘धुकं म्हणजे जणू चादरच’ ही उत्प्रेक्षा. ‘धुक्याची चादर पसरली’ हे रूपक, कारण इथे दोन्ही एकरूप झाली. ‘हे धुकं नव्हे, चादर आहे’ ही अपन्हुती. आणि ‘दरी चादर ओढून झोपली होती’ असं लिहिलं की चेतनगुणोक्ती, कारण निर्जीव दरी माणसासारखी वागली. पहिल्या चारही वाक्यांत धुकं उपमेयच (ज्याची तुलना करायची ते) राहिलं, चादर उपमानच (ज्याच्याशी तुलना करायची ते). बदललं ते फक्त दोघांमधलं अंतर. हे अंतर जाणवलं की व्याख्या आपोआप सुचते. मला तर अलंकार शिकण्याचा हाच सर्वांत आनंदाचा भाग वाटतो.

वृत्तासाठी मात्र कान हवा. भुजंगप्रयात या वृत्ताच्या चरणात 12 अक्षरं असतात, ‘लघु गुरू गुरू’ (ऱ्हस्व, दीर्घ, दीर्घ) हा तीन अक्षरांचा य गण 4 वेळा. ‘ल गा गा’ म्हणत टाळीवर धरा.

कथेच्या संज्ञांना हीच युक्ती चालते. ‘मी’ने सांगितलेला परिच्छेद ‘तो’ वापरून पुन्हा लिहा. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे तिथेच उमगतं. उदाहरणं मात्र स्वतःच्या वहीतली, स्वतः रचलेलीच हवीत.