दर्पण दिनाचा ‘ण’

५ जानेवारीला रात्री पत्रकार संघाच्या ग्रुपवर मेसेज पडला, "उद्याचा दर्पण दिनाचा कार्यक्रम सकाळी १० ला. नवीन पोरांनी ८ ला यायचं." दर्पण दिन म्हणजे ६ जानेवारी, महाराष्ट्रातला पत्रकार दिन. मला तेव्हा एका दैनिकाच्या सांगली ऑफिसात लागून जेमतेम दोन महिने झालेले, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा कोर्स करून आलेलो, त्यामुळं डोक्यात असं की आपण पत्रकार आहोत, खुर्च्या मांडायला आपल्याला कशाला बोलावतायत. आता तिसरं वर्ष चालू आहे, यंदा ग्रुपवर तोच मेसेज मी टाकला आणि एका नव्या पोरानं खाली विचारलं, "८ ला का सर?" त्याला उत्तर द्यायला बसलो तर ते एवढं लांबलं.

संघाचं नाव लिहीत नाही. आपल्याकडं संघटना इतक्या आहेत की एकीचं नाव घेतलं की दुसऱ्या तीन रुसतात.

तर ८ ला का. मी गेलो साडेआठला. खुर्च्या मांडून झालेल्या, म्हटलं सुटलो. तेवढ्यात आमच्यातले सगळ्यात जुने काका, चाळीस वर्षं झाली असतील त्यांना या धंद्यात, त्यांनी एक कागद हातात दिला. सत्काराची यादी, १४ नावं. म्हणाले, "एकेकाला फोन लाव, पूर्ण नाव विचार, वडिलांचं नाव, गाव, आणि पेपरात कसं लिहिलेलं आवडतं ते पण विचार." मला वाटलं हे क्लार्कचं काम झालं. पण १४ मधली ४ नावं चुकीची निघाली की. एका गावचे पाटील, नाव तेच, आडनाव तेच, फरक फक्त वडिलांच्या नावाचा, आणि सत्कार ज्यांचा होता ते यादीत नव्हतेच, त्यांचे चुलतभाऊ होते. काका म्हणाले, "हे जर स्टेजवरनं पुकारलं असतं तर दोघंही उठून आले असते, हार एक." तुम्ही म्हणाल यात काय एवढं, पण छोट्या शहरातल्या पेपरात नाव हेच भांडवल असतं. मंत्र्याचं भाषण चुकीचं छापलं तर मंत्री वाचत पण नाही, पण आटपाडीच्या एखाद्या मास्तरांचं नाव चुकलं तर ते नव्वदेक किलोमीटर एसटीनं येऊन ऑफिसात बसतात. आणि त्या १४ जणांचे नंबर माझ्या मोबाइलमधे तेव्हापासून आहेत, त्यातल्या निम्म्यांनी मला नंतर कधी ना कधी बातमी दिलीय.

आता फ्लेक्सचं सांगतो, न सांगता भागणार नाही. फ्लेक्सचा मजकूर द्यायची जबाबदारी दोन दिवस आधी माझ्याकडं होती आणि मी तो फोनवर सांगितला. मी आटपाडी साइडचा, आमच्याकडं बोलताना ‘ण’ आणि ‘न’ मधे फारसं भांडण नसतं, तर मी बोललो तसं त्या फ्लेक्सवाल्यानं टाइप केलं आणि ८ बाय ४ च्या फ्लेक्सवर हे मोठं आलं, ‘दर्पन दिन’. पत्रकार संघाच्या स्टेजवर. त्याची काही चूक नाही बरं का, त्यानं ऐकलं तेच लिहिलं. सगळे पाच मिनिटं गप्प. मग फोटोग्राफर दादांनी झेंडूची माळ उचलली आणि बरोबर त्या अक्षरावर लोंबती सोडली. दिसायला उलट छानच दिसायला लागलं. तेव्हापासून कुठलाही मजकूर मी तोंडी देत नाही, लिहून पाठवतो आणि प्रूफ मागवतो.

१० ला सुरू होणारा कार्यक्रम पावणेअकराला सुरू झाला. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, ते सगळीकडं असतं तसंच. पण ६ जानेवारी का, एवढं तरी नव्या माणसानं पाठ करून यावं, कारण कुणीतरी बाहेरचा पाहुणा हमखास विचारतो आणि पत्रकारच एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’चा पहिला अंक मुंबईत ६ जानेवारी १८३२ ला काढला, एकाच अंकात मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आधी पाक्षिक होतं आणि चारेक महिन्यांत साप्ताहिक झालं, १८४० पर्यंत चाललं. जांभेकर मूळचे सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे, आणि तेव्हा त्यांचं वय विशीच्या आसपास, म्हणजे आपल्यातल्या ट्रेनीएवढं. १६ नोव्हेंबरला असतो तो राष्ट्रीय पत्रकार दिन, तो वेगळा, प्रेस कौन्सिलचा. मी पहिल्या महिन्यात ह्या दोन्हीची खिचडी केलेली.

एक वक्ते बोलता बोलता म्हणाले की आगरकरांचं जन्मगाव टेंभू. कऱ्हाडजवळचं. मी खुर्चीतच हललो, कारण आमच्या आटपाडीत टेंभू म्हटलं की तिथल्या उपसा सिंचन योजनेचं पाणी, टेंभूचं आवर्तन कधी सुटणार, टेंभूचा टप्पा कुठवर आला, लहानपणापासनं तेच ऐकलंय. ‘केसरी’चा पहिला संपादक आणि आमच्या डाळिंबाचं पाणी एकाच गावचं, हे मला पत्रकारितेचा कोर्स करून पण माहिती नव्हतं. मी ते वहीत लिहून घेतलं, पुढं एका फीचरला वापरलं पण.

मग कायद्यावरचं एक सत्र झालं, वकील आलेले. ह्या सत्रात अर्धे लोक चहाला गेले आणि माझ्या मते तेच सगळ्यात कामाचं होतं. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधात महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र, आणि तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. पण खोटी तक्रार केली तर तीच शिक्षा पत्रकाराला. आणि मेन गोष्ट अशी की कायद्यात पत्रकार म्हणजे कोण, तर कायम किंवा कंत्राटी पद्धतीनं नेमलेला. आता आपल्यातले किती जण "उद्यापासून लाग कामाला" एवढ्या बोलीवर लागलेत? मी पण तसाच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पत्र मागितलं तर तोंडं वाकडी झाली, "आत्ताच कशाला पाहिजे तुला." तीन महिने मागं लागलो तेव्हा मिळालं. तुम्ही पहिल्या दिवशीच मागा.

आणि हो, संघाचं ओळखपत्र म्हणजे अधिस्वीकृती नव्हे. अधिस्वीकृती पत्रिका सरकार देतं, जिल्हा माहिती कार्यालयातनं अर्ज जातो, एसटीची सवलत वगैरे त्यावर असते. संघाचं कार्ड दाखवून टोलनाक्यावर वाद घालणारे महाभाग मी बघितलेत, तुम्ही ते करू नका.

त्यानंतर सत्कार. ज्येष्ठांमधे एक जण होते, त्यांच्याशी मी सकाळी फोनवर बोललेलो म्हणून ते मला ओळखून शेजारी बसले. ज्येष्ठ पत्रकारांसाठी सरकारची जांभेकरांच्या नावानं सन्मान योजना आहे, आधी महिन्याला ११ हजार होते, आता २० हजार केलेत, त्याला वयाची आणि अनुभवाच्या वर्षांची अट असते. मी सहज विचारलं, तुम्हाला चालू झाली का. ते हसले. म्हणाले, "अनुभव हाय रे, पुरावा न्हाय." त्यांचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, धोक्याची पातळी ४५. कात्रणांच्या सगळ्या फायली खालच्या कपाटात होत्या. पाणी उतरल्यावर उघडल्या तर लगदा, म्हणाले, शेंगदाण्याच्या पेंडीसारखा, सुटा कागद एक निघाला नाही. जुन्या पेपरची आवृत्ती कधीच बंद पडलेली, तिथं विचारायला माणूस नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी माझ्या तोवर लागलेल्या सगळ्या बातम्यांचे, सिंगल कॉलम धरून, मोबाइलवर फोटो काढले आणि ईमेल करून ठेवले. एकोणीसच होत्या, दहा मिनिटांत झालं. हे दर महिन्याला करा, अगदी नाव न लागलेली बातमी असली तरी.

वृत्तपत्र विक्रेत्यांचा पण सत्कार असतो त्या दिवशी. स्टेशन चौकात बसणारे एक मामा होते, सत्तरीच्या पुढचे, शाल अंगावर घेतली तरी बोटं वर धरलेली, शाईनं काळी झालेली असतात ना, शालीला लागू नये म्हणून. त्यांना मी विचारलं, कुठल्या बातमीला अंक जास्त जातो. मला वाटलं राजकारण म्हणतील. तर म्हणाले, "पावसाळ्यात आयर्विनची फुटं पहिल्या पानावर असली की सातला अंक संपतोय. बाकी मग हळदीचा दर, बेदाण्याचा दर, आणि मयताच्या जाहिराती." संपादकांच्या मीटिंगमधे एवढं स्पष्ट कुणी सांगत नाही.

आरोग्य शिबिराचं फार सांगत नाही. बीपी, शुगर, ईसीजी. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर मला बसवलेलं. ज्यांच्या आवाजानं अधिकारी चळाचळा कापतात ते क्राईमचे दादा सुईला घाबरून मागच्या दारानं गेले. जेवायला मसालेभात, वांग्याची भाजी, जिलेबी, आणि ज्यांना तासाभरापूर्वी शुगर निघाली ते जिलेबीच्या लाइनीत पुढं.

दुपारी क्रिकेट, पत्रकार विरुद्ध सरकारी अधिकारी, टेनिस बॉल, ८-८ ओव्हरची मॅच. आपण हरलो, दरवर्षी हरतो. मला डीप मिडविकेटला उभं केलेलं, तिथं बाउंड्रीबाहेर एका खात्यातले इंजिनिअर साहेब आपली बॅटिंग यायची वाट बघत बसलेले. बोलता बोलता म्हणाले, "अमुक गावची टाकी बघितलीस का? दोन वर्षं झाली बांधून, रंग पण दिला, पाइपलाइनच जोडली नाही." माझ्या कानात घंटा वाजली, त्या नादात एक कॅच पण सुटला. संध्याकाळी ऑफिसला येऊन साहेबांचं नाव घालून धडाधड टाइप करायला घेतलं. काका कसल्या तरी कामानं आलेले, मागनं बघितलं आणि म्हणाले, "त्यानं तुला बातमी दिली का गप्पा मारल्या?" मी म्हटलं, बोलले ना ते. "मैदानात बोलला. आधी फोन लाव."

लावला. साहेब घाबरलेच, नाव घालू नको म्हणाले. मला वाटलं गेली बातमी. पण काकांनी सांगितलं की टाकी काय साहेबांच्या खिशात नाही, गावात जा, टाकीवर चढ, सरपंचाला भेट, बिल कधी निघालं ते माहिती अधिकारात माग. गेलो. टाकीवर ठळक अक्षरात क्षमता आणि वर्ष लिहिलेलं, आत बघितलं तर पारव्यांची घरटी, खालच्या व्हॉल्व्हला बायकांनी शेळी बांधलेली. सव्वा महिन्यानं कागद मिळाले आणि बातमी लागली, बायलाइनसकट, म्हणजे वर माझं नाव घालून, पहिली बायलाइन. साहेबांचं नाव कुठंच नाही. ते अजून माझा फोन उचलतात. त्या संध्याकाळी नाव टाकून छापली असती तर एक बातमी मिळाली असती, नंतरच्या सहा नसत्या मिळाल्या.

त्या दिवसाचं शेवटचं काम म्हणजे कार्यक्रमाची बातमी, तीपण माझ्याकडंच. मी ६०० शब्द लिहिले, डेस्कनं फोन करून सांगितलं १५० मधे बसव. आता सत्कारमूर्ती १४, पाहुणे ५, पदाधिकारी ९, एवढी नावं घातली तरी शब्द संपतात. पदाधिकारी म्हणणार आमची नावं पाहिजेत. मी सत्कारमूर्तींची सगळी नावं ठेवली, भाषणं दोन ओळींत आणली आणि पदाधिकाऱ्यांना ‘आदी उपस्थित होते’ मधे घातलं. त्याबद्दल ग्रुपवर चार दिवस ऐकून घेतलं, पण आजही तसंच करीन, शाल ज्यांना मिळाली त्यांच्या घरचे तो पेपर जपून ठेवतात, बाकीच्यांची नावं रोजच येतात.

७ तारखेला सकाळी सहालाच स्टेशन चौकात गेलो. मामांनी चौथं पान आधीच वर दुमडून ठेवलेलं. नावं सगळी बरोबर होती, १४ च्या १४, मी दोनदा वाचली. मामांनी काळ्या बोटानं फोटोवर टिचकी मारली. पंख्याच्या वाऱ्यानं माळ सरकली असणार.

"ह्यो ‘न’ तुमच्यात असाच असतोय व्हय?"