एका वेबसाइटची सात कुलपं

नागपुरात इतवारीतल्या एका कापड दुकानदाराची वेबसाइट मी सांभाळतो. मागच्या मे महिन्यात भर दुपारी त्यांचा फोन आला, "भाऊ, साड्यांच्या जागी हे सट्ट्याचं काय दिसून राहिलं?" शोधाशोध केली, तर चूक माझीच. सहा ग्राहकांच्या एफटीपीला, म्हणजे साइटच्या फाइल्स चढवायच्या वाटेला, मी एकच पासवर्ड देऊन ठेवला होता: माझ्या गाडीचा एमएच-३१वाला नंबर आणि मागे १२३. वर तो व्हॉट्सॲपवर कितीजणांना पाठवला, त्याचा हिशेबच नाही.

आता मी असं करतो. पहिल्यांदा ईमेल. 'पासवर्ड विसरलात?'ची लिंक तिथंच येते, म्हणून तेच उघडं राहिलं तर बाकी कुलपं नावाचीच. मग डोमेनचं (साइटच्या नावाचं) खातं, होस्टिंगचं (साइटला दिलेल्या जागेचं) बिल भरायचं खातं, ती जागा चालवायचं सीपॅनेल, एफटीपी, साइटची माहिती साठवणारा डेटाबेस आणि शेवटी साइट ज्यावर बनवली त्या वर्डप्रेसचा ॲडमिन. सातही ठिकाणी वेगळा पासवर्ड.

सात कोण लक्षात ठेवणार? कोणीच नाही. बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी असं पासवर्ड तिजोरीत ठेवणारं ॲप घ्या, त्यातलं जनरेटर वीस-पंचवीस अक्षरांचा पासवर्ड काढून देतं. आपल्याला पाठ करायचा तो एकच, तिजोरीचा. तो मी पोरीच्या लुडोच्या फाशाने काढला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकेतल्या डिजिटल हक्कांच्या संस्थेने २०१६ मध्ये ७,७७६ शब्दांची यादी काढली आहे. फासा पाचदा टाकायचा, ४-२-६-१-३ असं जे पडेल त्यासमोरचा शब्द उचलायचा. असे सहा शब्द. शब्द आवडला नाही म्हणून पुन्हा टाकायचा नाही. निवड आपण करायला लागलो की संत्रा, दीक्षाभूमी, फुटाळा हेच येतं! ते सहा शब्द लिहिलेला कागद कपाटाच्या लॉकरमध्ये आहे.

डेटाबेसचं तेवढं सांभाळून. वर्डप्रेसमध्ये हा पासवर्ड डब्ल्यूपी-कॉन्फिग नावाच्या फाइलमध्येही लिहिलेला असतो. सीपॅनेलमध्ये बदलला आणि फाइलमध्ये राहिला, की साइट बंद. दुसरी गोम म्हणजे फाइलमध्ये तो एकेरी अवतरणचिन्हांत असतो. पासवर्डमध्येच तसलं चिन्ह आलं की ओळ तिथंच तुटते आणि पान कोरं. मी अर्धा तास घालवलाय त्यात. म्हणून डेटाबेसला फक्त अक्षरं-आकडे, पण तीस. तो हाताने टाइप कोणाला करायचाय?

साधं एफटीपी पासवर्ड उघडाच पाठवतं, एसएफटीपी वापरा. ईमेल, डोमेन, होस्टिंगला टू-फॅक्टर (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोडही) लावा आणि त्याऐवजी चालणारे बॅकअप कोड छापून ठेवा, मोबाइल हरवतोच कधीतरी.

दर तीन महिन्यांनी बदलायची भानगड मी सोडली. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेनेही २०१७ च्या सूचनांत तशी सक्ती नको म्हटलंय. नाहीतर माणूस शेवटचा १ काढून २ करतो. बदलायचा तो काम करणारा सोडून गेला की, किंवा कुठं फुटल्याचा संशय आला की. त्याच दिवशी त्याचं एफटीपी खातंही उडवायचं.

दुकानदाराला हे सगळं करून दिलं. डोमेन आणि होस्टिंगची मालकी त्यांच्याच ईमेलवर ठेवली, मला वेगळं लॉगिन घेतलं. ते म्हणाले, "भाऊ, आता तुमचाही भरोसा नाही का?" म्हटलं, शेठ, माझा तर आधी नाही.