पबमेडवर शोधण्याआधी कोरा कागद घ्या

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, जमा करायची तारीख जवळ आली की पुण्यातल्या आमच्या नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत गर्दी होते. सकाळची ड्यूटी संपवून, पीएमपीच्या बसमधून उतरून मुली युनिफॉर्मवरच येतात, पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायची वेबसाइट, उघडतात आणि 'बेडसोर' (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) टाइप करतात. हजारो लेख समोर येतात, त्यातले पहिले दहा डाउनलोड होतात. तेच दहा का, असं गाइड मॅडमनी विचारलं की मुली गप्प बसतात. म्हणून मी त्यांना कॉम्प्युटरआधी कोरा कागद देते.

कागदावर आपला प्रश्न मराठीत लिहा. 'अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांऐवजी दर चार तासांनी बदलली, तर बेडसोर जास्त होतात का?' पेशंट कोण, आपण काय करणार, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता, या चारही गोष्टी त्यात आल्या. एखादी राहिली असेल तर ती इथेच लक्षात येते.

मग प्रत्येक गोष्टीखाली तिची इंग्रजी नावं लिहा. इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त लेख इथेच निसटतात. बेडसोरलाच प्रेशर अल्सर म्हणतात, डेक्युबिटस अल्सर म्हणतात, आणि २०१६ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने 'प्रेशर इंज्युरी' हे नाव स्वीकारलं. कूस बदलण्याला रिपोझिशनिंग आणि टर्निंग असे दोन्ही शब्द आहेत. एकाच नावाने शोधलंत तर बाकीच्या नावांनी लिहिणारे संशोधक तुम्हाला भेटणारच नाहीत.

आता पबमेड उघडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही सेवा १९९६ पासून सुरू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. एकाच गोष्टीची नावं 'ऑर'ने जोडून कंसात टाका आणि असे दोन कंस 'अँड'ने जोडा. हे दोन्ही शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत हवेत. सुरुवातीला पेशंटचा त्रास (बेडसोर) आणि आपला उपाय (कूस बदलणं) एवढे दोनच कंस पुरतात. चारही गोष्टी कोंबल्या तर यादी उगाच आटते. अवतरणचिन्हंही पहिल्या फेरीत नकोत, कारण ती घातली की पबमेड तेवढेच शब्द शोधतं, स्वतःहून समानार्थी शब्द जोडत नाही.

शोध झाला की अ‍ॅडव्हान्स्ड पानावर जाऊन त्याचे डिटेल्स उघडा. तुमच्या शब्दांचा पबमेडने काय अर्थ लावला ते तिथे दिसतं. 'मेश' ही विषयांची ठरावीक लेबलंही तिथेच भेटतात. बेडसोर टाइप केलंत तरी पबमेड ते 'प्रेशर अल्सर' या मेश लेबलाशी जोडतं. पण नुकत्याच आलेल्या बऱ्याच लेखांना लेबल नसतं, म्हणून लेबल आणि साधे शब्द दोन्ही ठेवा.

डावीकडच्या फिल्टरमध्ये 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) आधी निवडा, मग 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना). 'फ्री फुल टेक्स्ट'ला मात्र एवढ्यात हात लावू नका. लेख फुकट मिळणं आणि आपल्या कामाचा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

नुसत्या सारांशावर थांबू नका. कूस बदलण्यावर २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधला, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहांमधला, ९४२ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलण्यात ठळक फरक आढळला नाही. हे वाचून लगेच वॉर्डमधलं वेळापत्रक बदलावंसं वाटेल. पण ते सगळेजण दाट फोमच्या गाद्यांवर होते आणि पाहणी तीन आठवड्यांची होती. आपल्या वॉर्डातली गादी कशी आहे, हे आपणच जाऊन बघायचं! वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानेही या विषयावरचा पुरावा कमी खात्रीचाच ठरवला आहे. त्यामुळे एका लेखावर भिस्त ठेवू नका.

पबमेडनंतर कॉक्रेन लायब्ररी बघा, आणि कॉलेजकडे वर्गणी असेल तर सिनाहल हा नर्सिंगच्या लेखांचा डेटाबेसही. नर्सिंगचं बरंच साहित्य, विशेषतः पेशंटचे आणि नातेवाइकांचे अनुभव मांडणारे अभ्यास, तिथे सापडतात.

पूर्ण लेखासाठी पबमेड सेंट्रलची, म्हणजे पूर्ण लेख मोफत देणाऱ्या साठ्याची, लिंक आहे का ते आधी पाहा. नसेल तर ग्रंथपालांना विचारा. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सब्स्क्रिप्शन' योजनेतून सरकारी शिक्षणसंस्थांना हजारो जर्नल्स खुली झाली आहेत. त्यातही नसेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. मागितलेला लेख बरेच संशोधक आनंदाने पाठवतात.

उठण्याआधी त्याच कागदावर तारीख, डेटाबेसचं नाव, टाइप केलेली पूर्ण ओळ आणि किती लेख आले तो आकडा लिहा. गाइड मॅडम विचारतील तेव्हा तो कागद पुढे ठेवायचा.