स्नेअर हलगी, पेडल घुमकं: लाईव्ह ड्रमचा आवाज गिटारच्या पेडलमधनं कसा काढायचा

कोल्हापुरात वाढलं की ठोक्याचं वेड वेगळं लावून घ्यावं लागत नाही. मैदानात कुस्ती लागली की हलगी कडाडते, मागनं खोल आवाजाचं घुमकं धरतंय, झांजेसारखं कैताळ मध्येच चिरत जातंय आणि पोटात काहीतरी हलतंय. मी ड्रम किट वाजवतो, पण स्नेअर (किटमधला कडक आवाजाचा ड्रम) पहिल्यांदा गिटारच्या डिले पेडलमधनं (आवाज थोड्या उशिरानं पुन्हा वाजवणारा डबा) सोडला तेव्हा मला आठवलं ते कुस्तीचं खासबाग मैदानच, म्हणजे समोर एक कोरडा कडक ठोका आणि त्याच्या मागनं दुसरंच कुणीतरी उत्तर देतंय. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण पुढची सगळी सेटिंग याच्यावरच उभी आहे. मूळ ड्रम म्हणजे हलगी आणि पेडल म्हणजे घुमकं. हलगी बंद करून नुसतं घुमकं वाजवलं तर मैदान गार पडणार.

आयडिया जुनीच आहे. जमैकात किंग टबी नावाच्या साऊंड इंजिनिअरनं सत्तरच्या दशकात मिक्सरवर बसून एखादाच ठोका इकोमध्ये फेकायचा आणि तो विरत जाऊ द्यायचा हे तंत्र करून दाखवलं, मिक्सर म्हणजे वाद्यच झालं त्याच्या हातात. लेड झेपलिन या रॉक बँडच्या १९७१ च्या अल्बममधल्या एका गाण्यात त्यांचा ड्रमर जॉन बॉनहॅमचा तो डोंगराएवढा ड्रम आहे ना, तो एका जुन्या घराच्या जिन्याखालच्या हॉलमध्ये, वर लावलेल्या दोन माईकनी घेतलाय आणि बिन्सन एकोरेक नावाच्या इटालियन इको मशीनमधनं गेलाय. ते मशीन गिटारवालेपण वापरायचे. आपण तेच करायचं, फक्त लहान डब्यात आणि समोर लोक बसलेले असताना.

आधी सामान. एक डायनॅमिक माईक (शुअर एसएम ५७ असला तर उत्तम, नसला तर गाण्याचा साधा डायनॅमिक पण चालतोय), ऑक्स सेंड (चॅनलचा थोडा आवाज वेगळ्या वाटेनं बाहेर काढायची सोय) असलेला छोटा मिक्सर, एक पेडल, नऊ व्होल्टचा चांगला अडॅप्टर आणि दोन मोनो केबल, त्या मोठ्या पिनच्या, साऊंडवाले ज्याला पी-३८ म्हणतात त्या. जमलं तर एक डीआय बॉक्स (मोठ्या पिनचा सिग्नल मिक्सरच्या माईक इनपुटला चालेल असा करणारा डबा). सुरुवातीला पेडल एकच घ्या आणि तो डिले घ्या. पाच पेडल एकदम जोडले की आवाज बिघडला तर कुठं बिघडला हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. आम्ही उद्यमनगरात एका मित्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रॅक्टिस करतो, बाजूला लेथ मशीन, तिथं मी हे सगळं शिकलो ते एकेक पेडल घेऊनच.

माईक कुठं लावायचा. स्नेअरच्या कडेपासून दोन-तीन बोटं वर, तोंड ठोका पडतो तिकडं आणि पाठ हाय-हॅटकडं (पायानं उघडझाप होणारी झांजेची जोडी). पाठ हाय-हॅटकडं का, तर डायनॅमिक कार्डिऑइड माईक (समोरचंच जास्त पकडणारा) मागनं कमी ऐकतोय आणि हाय-हॅट पेडलमध्ये गेली की सगळा चिवचिवाट होतोय. नुसत्या ड्रममध्ये जी हाय-हॅट तुम्हाला हळू वाटतेय ती डिस्टॉर्शनमधनं (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) गेली की स्नेअरच्या बरोबरीनं ओरडायला लागते, कारण डिस्टॉर्शन मोठ्या आवाजाचं डोकं छाटतंय आणि बारीक आवाज वर उचलतंय.

आता जोडणी. माईक मिक्सरच्या एका चॅनलला. हा तुमचा कोरडा स्नेअर, हा स्पीकरला जातोय तसाच जाऊ द्या, याला हात लावू नका. त्याच चॅनलचा ऑक्स सेंड वापरून थोडा आवाज बाहेर काढायचा, ऑक्स आऊटमधनं मोनो केबलनं पेडलच्या इनपुटला, आणि पेडलच्या आऊटपुटमधनं परत मिक्सरच्या दुसऱ्या मोकळ्या चॅनलला, लाईन इनपुटमध्ये. ऑक्स पोस्ट-फेडर (चॅनलच्या आवाजाच्या सरकपट्टीनंतर, म्हणजे फेडरनंतर सिग्नल घेणारा) असला तर बरं, म्हणजे स्नेअर खाली केला की इफेक्टपण खाली येतोय. आणि एक गोष्ट, त्या परतीच्या चॅनलवरचा तोच ऑक्स पूर्ण शून्यावर ठेवायचा. नाहीतर पेडलचा आवाज पुन्हा पेडलमध्ये जाणार, पुन्हा बाहेर येणार, आणि दोन सेकंदात स्पीकर किंचाळणार.

लेव्हल. इथं थांबून नीट वाचा, कारण बहुतेकांचं इथंच चुकतंय आणि मग ते पेडलला नावं ठेवतात. गिटारचं पेडल बनवलंय गिटारच्या पिकअपसाठी. बऱ्याच पेडलची अपेक्षा साधारण उणे २० डीबीयू (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) एवढ्या सिग्नलची असते, म्हणजे अंदाजे ७७ मिलिव्होल्ट. मिक्सरमधनं बाहेर येणारी प्रोफेशनल लाईन लेव्हल अधिक ४ डीबीयू, म्हणजे सव्वा व्होल्टच्या आसपास. फरक २४ डीबीचा, व्होल्टेजमध्ये मोजला तर जवळजवळ सोळा पट. त्यात ड्रमचा ठोका म्हणजे टोकच सगळं, मीटरवर सरासरी कमी दिसते पण ठोक्याच्या पहिल्या क्षणाला सिग्नल कुठल्याकुठं उडी मारतोय. नऊ व्होल्टवर चालणाऱ्या डब्याला ते झेपत नाही आणि डिलेच्या प्रत्येक रिपीटवर फाटका, कागद फाडल्यासारखा आवाज येतोय. ओव्हरड्राईव्ह लावायचाय म्हणून मुद्दाम फाडणं वेगळं, पण डिलेमध्ये नको असताना फाटलं की ऐकवत नाही.

म्हणून असं करा. ऑक्स मास्टर पूर्ण बंद, चॅनलचा ऑक्स मध्यावर. ड्रमरला (म्हणजे तुम्हीच असाल तर मित्राला मिक्सरवर बसवा) सगळ्यात जोरात जेवढं गाण्यात वाजवणार तेवढ्या जोरात वाजवायला सांगा, शेडमध्ये हळूहळू वाजवून लेव्हल लावली की स्टेजवर जोश आल्यावर सगळं फाटणारच. मग ऑक्स मास्टर मुंगीच्या पावलानं वर. जिथं रिपीट खरखरायला लागेल तिथनं थोडं मागं या. आवाज कमी वाटला तर परतीच्या चॅनलवर गेन वाढवा, ऑक्सवर नाही. मिक्सर लैच जोरदार सिग्नल देत असेल तर रीअॅम्प बॉक्स नावाचा डबा मिळतो, लाईन लेव्हल खाली आणून गिटारसारखी करतो, त्यातला ट्रान्सफॉर्मर अर्थिंगमुळं येणारा हमपण (सतत गुणगुण) तोडतो. साध्या पॅसिव्ह डीआय बॉक्सला उलटा जोडूनही हे बऱ्यापैकी जमतंय, एक्सएलआरच्या (माईकच्या तीन पिनच्या) बाजूनं सिग्नल आत आणि मोठ्या पिनमधनं पेडलकडं, फक्त आत सोडताना लेव्हल खालीच ठेवायची कारण या दिशेनं ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतोय.

फँटम पॉवरबद्दल (काही माईकना लागतात म्हणून मिक्सर केबलमधनं पाठवतो ते ४८ व्होल्ट) एकदाच सांगतो. ज्या चॅनलला पेडल परत येतंय तिथं एक्सएलआर वापरत असाल तर ४८ व्होल्ट बंद आहे का बघा. माझं एकदा राहिलं होतं, गावाकडच्या एका कार्यक्रमात घाईघाईत, मिक्सरवर सगळ्या चॅनलला एकच बटन होतं आणि गायकाच्या माईकसाठी ते दाबलेलं, पेडलमधनं मोठा ठप्प आवाज आला आणि नंतर ते पेडल आधीसारखं कधीच वाजलं नाही. मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय असता तर वाचलं असतं.

पेडलवरचं मिक्स किंवा ब्लेंडचं बटन पूर्ण इफेक्टकडं फिरवा. कोरडा आवाज तुमच्याकडं आधीच आहे की, पेडलनं पुन्हा कोरडा दिला तर दोन कोरडे एकमेकांत मिसळतात, डिजिटल पेडलमधनं येणारा काही मिलिसेकंद उशिरा येतोय आणि स्नेअर पोकळ, डब्यात घातल्यासारखा लागतोय. डिस्टॉर्शनमध्ये तर हे फार जाणवतंय. काही पेडल सिग्नल उलटा पण करतात. फझ (डिस्टॉर्शनचाच जास्त खरखरीत प्रकार) वाढवल्यावर ड्रमचा दम वाढायच्या ऐवजी कमी झाला तर परतीच्या चॅनलवरचं पोलॅरिटीचं बटन दाबून बघा, बटन नसेल तर दोन नंबर आणि तीन नंबरची पिन अदलाबदल केलेली एक एक्सएलआर केबल करून ठेवा.

डिलेची वेळ कानानंच लावा, पण आधी गणित करून घेतलं तर लवकर सापडते. ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला किती बीट), झाले एका बीटचे मिलिसेकंद. १२० ला ५००, १०० ला ६००. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर असतो, तर एका बीटचा डिले ठेवला की उत्तर किकवर (पायानं वाजणारा मोठा ड्रम) जाऊन पडतंय आणि दोघं एकमेकाला झाकतात. त्याच्या पाऊण भागावर ठेवा, म्हणजे १२० ला ३७५ आणि १०० ला ४५०, मग उत्तर मधल्या मोकळ्या जागेत पडतंय आणि हलगीमागं घुमकं आल्यासारखं वाटतंय. फीडबॅक, म्हणजे रिपीट किती व्हायचे ते बटन, दोन-तीन उत्तरांपुरतंच. जास्त ठेवलं की पुढच्या स्नेअरवर मागचा चढतो.

बाकी पेडलचं पटपट सांगतो. फेजर आणि फ्लँजर हाय-हॅटवर किंवा वरच्या ओव्हरहेड माईकवर लावा, सिंबलच्या आवाजात सगळ्या फ्रिक्वेन्सी भरलेल्या असतात म्हणून त्यांची ती फिरती लाट स्पष्ट ऐकू येते, किकवर लावली तर कळतच नाही. ऑक्टेव्हर (आवाज एक सप्तक वर-खाली करणारं पेडल) टॉमवर लावून मी कंटाळलो, टॉमचा सूर स्थिर राहत नाही आणि लगेच विरतोय, पेडलला पकडायला वेळच मिळत नाही. ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राईव्ह साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या आवाजाला फारसा ड्राईव्ह करत नाही, म्हणून किकचा धप्प त्यातनं येणार नाही, फक्त बीटरचा (किकवर आपटणारा दांडा) टक् येईल. पण कोरडा किक खाली आहेच, तर तो टक् वर मिसळला की छोट्या स्पीकरवर पण किक ऐकू येतोय, मला हे लै आवडतंय. खोलीत लांब ठेवलेल्या एका माईकला फझ लावून अगदी थोडा मिसळला तर अख्खं किट अंगावर आल्यासारखं होतंय, पण हे रेकॉर्डिंगमध्येच करा, स्टेजवर लांबचा माईक म्हणजे स्पीकर किंचाळायला आमंत्रण.

आता हलगी. माझा जीव याच्यात आहे म्हणून थोडं लांबवतो. हलगीला माईकच पाहिजे असं नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिएझोची (थरथरलं की व्होल्टेज देणारी) पितळी चकती मिळते, २७ मिलिमीटरची, अगदी स्वस्त. तिला दोन वायरी आणि एक मोठ्या पिनचा सॉकेट सोल्डर करा, झाला पिकअप. पिएझोचा स्वभाव असा की त्याला फार मोठ्या इम्पिडन्सचं (सिग्नलला होणारा अडथळा) इनपुट लागतंय. मिक्सरच्या लाईन इनपुटला थेट लावला तर खालचा सगळा दम गायब, नुसता टिणटिण. गिटारच्या पेडलचं इनपुट बऱ्याचदा १ मेगाओहमच्या आसपास असतंय, म्हणजे पिएझोला हवं तसंच. पिएझो थेट पेडलमध्ये आणि पेडलमधनं मिक्सरला. इथं लेव्हलचं भांडण कमी.

चकती चामड्यावर चिकटवू नका. तिथं काडी पडते, आणि शिवाय ठोक्याला व्होल्टेज इतकं येतंय की पेडल फाटतंय. आतल्या बाजूनं कड्याला डबल टेपनं लावा. आणि हलगी शेकायच्या आधी पिएझो काढून ठेवा! विस्तवाजवळ धरली की टेपचा गोंद वितळतो आणि चकती लोंबायला लागते. शेकलेली हलगी वाजत वाजत उतरते तसा पेडलमधला आवाजपण बदलतोय, तर लेव्हल तापलेल्या हलगीवरच लावा. हलगीवर फझ नको, तिच्यात मुळातच एवढी धार आहे की फझ लावून ती बोथट होते. छोटा डिले किंवा स्प्रिंग रिव्हर्ब लावा. पिएझोतनं येणारा आवाज मूळ हलगीपेक्षा कोरडा आणि टणक असतोय, पण छोट्या हॉलमध्ये हलगी अशीच एवढी मोठी लागते की तिला स्पीकरमधनं द्यायचीच गरज नाही, स्पीकरमधनं फक्त पेडलचं उत्तर द्या. एकदा नक्की करून बघा.

पॉवरचं बघा. डिजिटल डिले आणि फझ एकाच अडॅप्टरवर माळ करून लावले की बारीक शिट्टी येते, वेगळे आउटपुट असलेला सप्लाय घ्या किंवा फझला बॅटरी. बहुतेक पेडलला मधली पिन निगेटिव्ह लागते, घरातला कुठलाही नऊ व्होल्टचा अडॅप्टर उचलून लावू नका. हम येत असला तर मिक्सर, पेडल आणि अॅम्प एकाच बोर्डवरनं चालवा, डीआयचं ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढायची नाही, मांडवात पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून वाजवणाऱ्याचा जीव त्या पिनवर असतोय.

स्टेजवर पेडल चालवणार कोण, हे आधी ठरवा. ड्रमरचे दोन्ही पाय अडकलेले. मी हाय-हॅटच्या बाजूला कमरेएवढ्या उंचीच्या स्टुलावर पेडल ठेवतो आणि डाव्या हाताला एक ठोका सुट्टी मिळाली की बटन फिरवतो. त्याहून चांगलं म्हणजे एक माणूस मिक्सरवर, ज्याला गाणं पाठ आहे असा. तो ऑक्स बंद ठेवतो, ओळीच्या शेवटच्या एका स्नेअरवर झटकन उघडतो आणि लगेच बंद करतो. तो एकच ठोका विरत जातोय, बाकी ड्रम कोरडा. अख्ख्या गाण्यात तीन-चार वेळा, त्याच्यापेक्षा जास्त नाही. हा माणूस बँडचाच समजा आणि प्रॅक्टिसला रोज बोलवा, कारण त्याची वेळ चुकली तर तुमचा ताल चुकल्यासारखा दिसतोय.

साऊंडचेकला साऊंडवाल्या दादांना आधीच सांगा की एक जादा चॅनल पाहिजे, त्याला कॉम्प्रेसर लावू नका आणि मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्याकडं तोंड केलेला स्पीकर) अगदी थोडा द्या. ड्रमरच्या मॉनिटरमध्ये डिले जास्त असला की तो डिलेच्या मागं जायला लागतो आणि टेम्पो ओढला जातोय. पहिलं अर्धं गाणं परतीचा फेडर बंदच ठेवा, कोरडा ड्रम हॉलमध्ये नीट बसला की मगच हळू वर घ्या. गाणं संपल्यावर बंद करतानापण आधी परतीचा फेडर खाली, मग पेडल, मग अडॅप्टर. उलटं केलं तर ठप्प आवाज येतोय आणि समोर बसलेल्यांच्या कानाला लागतोय.