पांढरा धूर दिसला की लगेच हेड उघडू नका

मी जिथं तोंडावर आपटलो तिथूनच सुरुवात करतो. आयटीआय झालेलं, गॅरेजात दुसरं वर्ष, टॉर्क पाना हातात आला म्हणून स्वतःला मिस्त्री समजायला लागलो होतो. गारगोटीचे एक सर डिझेल गाडी घेऊन आले. सकाळी स्टार्टर मारला की पांढरा भपका, आणि पंधरा दिवसांत बाटलीतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) खालच्या रेघेच्याही खाली. जमिनीवर मात्र एक थेंब नाही. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "सर, हेड गॅस्केट गेलंय."

(हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आणि ते व खालचा ब्लॉक यांच्यामधलं पातळ पॅकिंग म्हणजे गॅस्केट.) गॅस्केट ठणठणीत होतं.

निळा धूर म्हणजे ऑइल, काळा म्हणजे जादा डिझेल, हे गॅरेजात तुम्हाला शिकवलेलं असतंच. पांढऱ्याची गंमत अशी की तीन निरनिराळे आजार एकाच रंगात येतात. थंडीत सकाळी पहिली काही मिनिटं येते ती नुसती वाफ. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, ते गार सायलेन्सरमध्ये साठतं आणि इंजिन तापलं की निघून जातं. अशा गाडीवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊ नका. डिझेलमध्ये डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. तिथं हीटर प्लग (गार इंजिन सुरू करताना आत ऊब देणारे) आणि इंजेक्टर (डिझेल फवारणारे) बघायचे. तिसरं कूलंट. वास गोडसर, आणि गाडी तापल्यावरही धूर मागं रेंगाळत राहतो. (सांडलेलं कूलंट लगेच पुसा. गोड लागतं म्हणून गॅरेजचं कुत्रं चाटतं आणि मरतं. आमचं गेलं.)

आता माझी चूक. जरा लांबण लागेल, पण वाचाच.

हेड उघडायच्या आधी मी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब, मोजून घेतलं होतं. चारही सिलिंडर सारखे. बाटलीत बुडबुडे नव्हते, गाडी कधी गरम झाली नव्हती. गॅस्केट जातं तेव्हा बहुतेक वेळा एखादा किंवा शेजारशेजारचे दोन सिलिंडर चुगली करतात. इथं कुणीच बोलत नव्हतं, आणि मी त्या शांततेचा अर्थच लावला नाही. गॅस्केट बदललं, नवे बोल्ट टाकले, हेड कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन फेस करून (तळ घासून सपाट करून) आणलं. दोन दिवसांनी सर परत दारात. धूर तसाच.

अण्णांनी (आमचे उस्ताद) एकच वाक्य टाकलं, "अरं, पाणी आणि धूर शेजारी-शेजारी आणखी कुठं असत्यात?"

ईजीआर कूलर. सायलेन्सरकडं जाणारा थोडा धूर परत इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायच्या वाटेत) घेतात, म्हणजे आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. तो धूर आधी या कूलरमध्ये गार होतो: पातळ नळ्यांतून शेकडो अंशांचा धूर आणि भोवतीनं कूलंट. नळीला चीर गेली की कूलंट धुराच्या वाटेनं इनटेकमध्ये आणि तिथून चारही सिलिंडरांत वाटून जातं. म्हणून एकही सिलिंडर वेगळा दिसत नाही. गाडी गरम बंद केली की सिस्टिममध्ये दाब राहतो, रात्रभर पाझर होतो, आणि सकाळी भपका.

मी लगेच कूलर काढला, तोंडं बंद करून हवा भरली, बादलीत बुडवला. एकही बुडबुडा नाही. "अण्णा, कूलर चांगलाय." इथं मी दुसऱ्यांदा फसलो. बादलीतलं पाणी नळाचं होतं. गार धातू आवळलेला असतो, चीर मिटलेली असते. अण्णांनी चहाच्या गाड्यावरून उकळतं पाणी मागवलं. कूलर आत ठेवून पाचेक मिनिटं गेली, आणि एका कोपऱ्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागं एक वर यायला लागले. हेडला चीर असल्याचा संशय असेल तरी हाच नियम: प्रेशर टेस्ट गरम पाण्यातच करून मागा, गारवरचं "ओके" घेऊ नका.

अण्णांबद्दल एक सांगतोच. त्यांना हे पहिल्या दिवशीच कळलं असणार. बोलले नाहीत. 'पोरगं चुकून शिकतं' हे ज्यांचं मत आहे त्यांनी गॅस्केट आणि फेसिंगचे पैसेही भरावेत. माझ्या पगारातून तीन महिने ते कापले गेले. तुमचा उस्ताद कारण सांगत नसेल तर विचारा, शिवी बसली तरी विचारा.

रेडिएटरमध्ये लीक बंद करायची पावडर टाकणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही. चीर बुजते की नाही देव जाणे, केबिनच्या हीटरच्या बारीक नळ्या मात्र हमखास बुजतात. आणि खरंच गॅस्केट निघालं, तर सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) लावल्याशिवाय हेड परत बसवू नका; बऱ्याच इंजिनांना ०.०५ मिमीच्या वर वाक चालत नाही. अंशात (कोन मोजून) आवळायचे बोल्ट ताणलेले असतात, ते नवेच घ्या. कूलंट भराभर उतरत असेल तर गाडी चालवूच नका. सिलिंडर पाण्यानं भरला की स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो.

घाबरू मात्र नका. रात्रभर प्रेशर टेस्टर (कूलंटवर दाब देऊन गळती दाखवणारा पंप) लावून ठेवायचा धीर असला की निम्मं काम झालं.

नवा कूलर बसवून स्टार्टर मारला तर परत पांढरा धूर! माझे पायच गळाले. अण्णा बिडी न विझवता म्हणाले, "सायलेन्सरात जुनं पाणी साठलंय. जोतिबाला जाऊन ये." वाटेतल्या केर्लीपर्यंत आरशात धूर दिसत होता. चढ लागला तसा विरळ झाला. वर पोचल्यावर गाडी चालूच ठेवून खाली उतरलो आणि सायलेन्सरपासून वीतभर लांब तळहात धरला. गरम हवा लागली, हात कोरडाच राहिला.