मेलमधले पत्ते पाकिटावर आणताना: ॲड्रेस बुक आणि वर्डचं नेमकं कुठे अडतं

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस असो नाहीतर लग्नपत्रिकेची दोनशे पाकिटं, पत्ते मेलच्या ॲड्रेस बुकमध्ये आधीच असतात. ते पुन्हा हाताने टाइप करायला नकोत म्हणून वर्डचं मेल मर्ज (यादीतला एकेक पत्ता आपोआप पाकिटावर बसवणारी सोय) उघडावं, तर तिथे यादीच रिकामी असते. कधी निम्मी नावं गळतात, कधी मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, कधी फोन नंबरचं शून्य गायब होतं. या प्रत्येक दुखण्याचं कारण वेगळं आहे, म्हणून सेटिंग्ज उलटसुलट करण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधायला हवं. जागा तीनच असतात: ॲड्रेस बुक, मधली फाइल आणि वर्ड.

ते शोधायला ॲड्रेस बुकमध्ये चाचणीसाठी एक खोटी नोंद करा. नावात जोडाक्षर असू द्या, पत्ता दोन ओळींचा असू द्या आणि एक फोन शून्याने सुरू होणारा लँडलाइन घ्या. ही नोंद प्रत्येक टप्प्यावर उघडून बघायची. जिथे ती पहिल्यांदा बिघडलेली दिसेल, दुरुस्ती तिथेच करायची. त्याच्या पुढे काहीही केलं तरी उपयोग होत नाही.

ॲड्रेस बुक आणि वर्ड थेट जोडता येतात, पण पत्ते पन्नासच्या वर असतील तर मध्ये एक्सेलची शीट घ्या. अर्धा तास जास्त जातो, पण पत्ते डोळ्यांसमोर राहतात, चुका हाताने सुधारता येतात आणि पुढच्या वर्षी तीच शीट पुन्हा वापरता येते.

आउटलुकची यादी वर्डला दिसत नाही

वर्डमध्ये 'मेलिंग्ज' टॅबवर 'सिलेक्ट रेसिपियंट्स' आणि त्यात 'चूज फ्रॉम आउटलुक कॉन्टॅक्ट्स' असा पर्याय आहे. तो क्लासिक आउटलुकसाठी बनवलेला आहे. विंडोजवरच्या नव्या आउटलुककडे जुन्या आउटलुकसारखं वर्डसाठी उघडं असलेलं दार नाही. त्यामुळे संगणकावर फक्त नवं आउटलुक असेल, तर डीफॉल्ट मेल क्लायंट नसल्याचा संदेश येतो किंवा काहीच घडत नाही. क्लासिक आउटलुक असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये जाऊन मेलसाठी तेच निवडा, एकदा उघडून त्यात खातं नीट चालतंय ना ते बघा आणि मगच वर्ड सुरू करा. क्लासिक नसेल तर तिथे वेळ घालवू नका, सरळ फाइलच्या मार्गाने जा, म्हणजे पत्ते फाइलमध्ये काढून ती वर्डला द्या.

क्लासिक आउटलुक आहे, तरीही कॉन्टॅक्ट्सचं फोल्डर ॲड्रेस बुकमध्ये येत नाही? त्या फोल्डरवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' उघडा, 'आउटलुक ॲड्रेस बुक' टॅबवर जा आणि 'शो धिस फोल्डर ॲज ॲन ई-मेल ॲड्रेस बुक' या चौकोनात खूण करा. चौकोन फिकट असेल, खूण होतच नसेल, तर ॲड्रेस बुकची सेवाच प्रोफाइलमध्ये नाही. 'अकाउंट सेटिंग्ज'मधल्या 'ॲड्रेस बुक्स' टॅबवर 'न्यू' दाबा, 'ॲडिशनल ॲड्रेस बुक्स' निवडा, त्यातून 'आउटलुक ॲड्रेस बुक' घ्या. आउटलुक पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं की चौकोन जिवंत होतो.

निम्मी नावं का गळतात? आउटलुकची ॲड्रेस बुकची खिडकी ज्यांचा ई-मेल किंवा फॅक्स नोंदवलेला आहे तेवढ्यांनाच दाखवते. ज्या काकांचा फक्त घरचा पत्ता आणि मोबाइल आहे, ते कॉन्टॅक्ट्स फोल्डरमध्ये असूनही तिथे दिसत नाहीत. पाकिटांच्या कामात नेमकी अशीच माणसं जास्त असतात. म्हणून मर्ज आउटलुकमधूनच सुरू करा. कॉन्टॅक्ट्स उघडा, हवे तेवढे निवडा, 'होम' टॅबवरचं 'मेल मर्ज' दाबा आणि 'ओन्ली सिलेक्टेड कॉन्टॅक्ट्स'वर खूण करा. आधी प्रत्येकाला 'पत्रिका' किंवा 'सभासद' अशी कॅटेगरी दिलेली असेल, तर निवडणं दोन मिनिटांचं काम आहे.

कार्यालयातल्या सामायिक यादीतली, म्हणजे ग्लोबल ॲड्रेस लिस्टमधली नावं मर्जला थेट मिळत नाहीत. ती आधी राइट क्लिकने आपल्या कॉन्टॅक्ट्समध्ये घ्यावी लागतात. नाव आलं आणि पत्ता रिकामा असेल, तर ती नोंद उघडून बघा. आउटलुक एका माणसाचे तीन पत्ते ठेवतं: कामाचा, घरचा, इतर. त्यातल्या ज्यावर 'धिस इज द मेलिंग ॲड्रेस' अशी खूण असते, तोच टपालाचा पत्ता धरला जातो. पत्ता घरच्या रकान्यात आणि खूण रिकाम्या कामाच्या पत्त्यावर, असं फार वेळा सापडतं.

मराठी अक्षरांचा चुराडा

इथे दोन वेगळे आजार आहेत आणि ते बाहेरून ओळखता येतात.

पहिल्यात नावाच्या जागी विचित्र रोमन अक्षरांची माळ दिसते. त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए' दर तीन चिन्हांनी परत येतो, आणि त्याच्या मागोमाग चलनाचं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह. असं दिसलं तर घाबरू नका, माहिती शाबूत आहे. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या तक्त्याच्या, यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि त्यातला पहिला बाइट सगळ्या देवनागरी चिन्हांचा एकच असतो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची) फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल बरेचदा ती जुन्या पद्धतीची समजून प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर दाखवतं. त्यामुळे 'नाव' या शब्दातल्या न, काना आणि व या तीन चिन्हांची नऊ अक्षरं होतात.

उपाय असा: ती फाइल सेव्ह न करता बंद करा. कोरी वर्कबुक उघडून 'डेटा' टॅबवर 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल निवडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)' ठेवा. खालच्या नमुन्यात मराठी नीट दिसू लागतं. 'लोड' करून ती एक्सेल वर्कबुक म्हणून सेव्ह करा. पुढे पुन्हा सीएसव्ही करायचीच वेळ आली, तर सेव्ह करताना नावात 'यूटीएफ-८' असलेला सीएसव्हीचा प्रकार निवडा. गूगल कॉन्टॅक्ट्समधून 'एक्सपोर्ट' केलेल्या फाइलला हाच उपाय लागतो.

दुसरा आजार प्रश्नचिन्हांचा. तिथे अक्षरं खरोखर पुसली गेलेली असतात आणि कोणताही कन्व्हर्टर ती परत आणत नाही. साध्या सीएसव्ही प्रकारात सेव्ह केलं की मजकूर विंडोजच्या जुन्या कोड पेजमध्ये, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या तक्त्यात, कोंबला जातो. मराठीसाठी असं कोड पेज कधी बनलंच नाही, विंडोजमध्ये मराठी फक्त युनिकोडवर चालते. म्हणून 'सिस्टिम लोकॅल' (जुन्या प्रोग्रामसाठीची विंडोजची भाषा) मराठी करून बघण्याचा सल्ला इथे कामाचा नाही. क्लासिक आउटलुकच्या अनेक आवृत्त्यांमधला सीएसव्ही एक्सपोर्टही असाच प्रश्नचिन्हं देतो. मूळ नोंदी अजून आउटलुकमध्ये असतील तर कॉन्टॅक्ट्सचा 'लिस्ट' व्ह्यू लावा, हवे ते कॉलम दाखवा, सगळं निवडून कॉपी करा आणि एक्सेलमध्ये पेस्ट करा. जे कॉलम दिसत होते तेच येतात, आणि मराठी सहीसलामत येते.

मराठी वाचकांना तिसराही प्रकार भेटतो. यादी श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. ते फॉन्ट मुळात रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवतात. ॲड्रेस बुकला फॉन्ट माहीतच नसतो, म्हणून तिथे रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. वर्डमध्ये फॉन्ट बदलून काम भागल्यासारखं वाटतं, पण शोधणं, क्रम लावणं, मेलवर पाठवणं सगळं अडतं. त्या फॉन्टसाठीचा युनिकोड कन्व्हर्टर एकदाच चालवा आणि नंतर रफार, र-कार आणि 'ळ' असलेली नावं हाताने तपासा. चुका सर्वांत जास्त तिथेच राहतात.

पिन कोड आणि फोन

शून्याने सुरू होणारा नंबर एक्सेल संख्या समजतं आणि शून्य टाकून देतं. मुंबईच्या ०२२ चं २२ होतं. भारतातला सहा अंकी पिन कोड शून्याने सुरू होत नाही म्हणून तो वाचतो, पण न्यू जर्सीतल्या एडिसनला पत्रिका पाठवत असाल तर तिथला ०८८२० हा झिप कोड ८८२० होऊन बसतो. देशाच्या कोडसह, मध्ये जागा न सोडता लिहिलेला मोबाइल नंबर दशांश चिन्ह आणि 'ई'सह छोटा होऊन दिसतो आणि अधिकचं चिन्ह जातं. सीएसव्ही आत घेतानाच 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबून फोन आणि पिनच्या कॉलमला 'टेक्स्ट' प्रकार द्या. आत घेतल्यावर सेलचा फॉरमॅट बदलून गेलेलं शून्य परत येत नाही.

याहून फसवा दोष असा: एक्सेलमध्ये पिन कोड अगदी बरोबर दिसतो आणि पाकिटावर काही जणांचा रिकामा किंवा शून्य येतो. वर्डसाठी शीट वाचणारा विंडोजचा घटक कॉलमच्या पहिल्या आठ ओळी बघून तो आकड्यांचा की मजकुराचा ते ठरवतो. त्या ओळींत ४११०३० सारखे सलग आकडे असतील आणि पुढे कुणी ४११ ०३० असं जागा सोडून लिहिलं असेल, तर तो मजकूर त्याच्या साच्यात बसत नाही आणि टाकला जातो. पूर्ण कॉलम निवडा, 'डेटा'मधलं 'टेक्स्ट टू कॉलम्स' घ्या, विभाजक चिन्हांवरच्या सगळ्या खुणा काढा, शेवटच्या पायरीवर 'टेक्स्ट' निवडून 'फिनिश' दाबा. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण आला की समजा आकडा मजकूर झाला.

गूगलच्या फाइलमध्ये आणखी एक खूण सापडते: एका सेलमध्ये दोन नंबर आणि मध्ये तीन अपूर्णविराम. एकाच लेबलखाली दोन नंबर नोंदवले की असं होतं. हवा तो ठेवून दुसरा काढा. फोनवरून भरलेल्या नोंदीत पूर्ण पत्ता बरेचदा रस्त्याच्या रकान्यात कोंबलेला असतो. तिथे शहर आणि पिनचे वेगळे कॉलम जुळवत बसण्यापेक्षा संपूर्ण पत्त्याचा 'फॉर्मॅटेड' कॉलम घेणं सोपं.

वर्डमध्ये जोडल्यावर

शीटची पहिली ओळ शीर्षकांचीच हवी. वर 'सभासद यादी २०२५' असं मोठं नाव लिहिलं असेल तर वर्ड त्यालाच कॉलमचं शीर्षक समजतं. एक्सेलमध्ये लावलेला फिल्टर वर्डला कळत नाही. लपवलेल्या ओळीही मर्जमध्ये येतात, आणि गेल्या वर्षी घर विकून गेलेल्यांनाही नोटीस जाते. गाळणी 'एडिट रेसिपियंट लिस्ट'मध्ये लावा. तिथेच 'फाइंड डुप्लिकेट्स' आहे.

तयार 'ॲड्रेस ब्लॉक' मराठी पाकिटांसाठी वापरू नका. त्याची मांडणी आपल्या पत्त्यांशी जुळत नाही आणि 'श्री. व सौ.' त्याला ठाऊक नाही. शीटमध्ये 'संबोधन' नावाचा कॉलम करा, त्यात 'श्री.', 'श्रीमती', 'श्री. व सौ.' भरा आणि 'इन्सर्ट मर्ज फील्ड'ने एकेक फील्ड ठेवा. ओळ बदलायला साधं एंटर दाबा. शिफ्टसह एंटर दाबलं असेल, तर ज्यांच्या पत्त्याची दुसरी ओळ रिकामी आहे त्यांच्या पाकिटावर मोकळी ओळ राहते. फील्डशेजारी स्वल्पविराम असला तरी तेच होतं.

अक्षरं बारीक येत असतील तर कंट्रोल-डी दाबून 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या भागात फॉन्ट आणि आकार ठरवा. देवनागरीचा आकार वर्ड तिथून घेतं, वरच्या रोमनच्या चौकटीतून नाही.

दस्तऐवज पुन्हा उघडताना एसक्यूएल कमांड (यादीतून माहिती आणणारा आदेश) चालवण्याबद्दल विचारलं जातं. 'नो' म्हटलं की यादीशी जोडणी तुटते. फाइल आपलीच असेल तर 'येस' म्हणा. शीट दुसरीकडे हलवली असेल तर 'फाइंड डेटा सोर्स'ने परत दाखवा. दोन्ही फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवणं बरं.

थंडरबर्ड आणि लिबरऑफिस

लिबरऑफिस हा मोफत ऑफिस संच पूर्वी थंडरबर्ड या मेल प्रोग्रामचं ॲड्रेस बुक थेट वाचत असे. थंडरबर्ड ७८ मध्ये त्या फाइलची जुनी रचना जाऊन एसक्यूलाइट नावाची नवी रचना आली आणि थेट जोडणीचा तो मार्ग बंद पडला. म्हणून थंडरबर्डमधून 'एक्सपोर्ट' करताना यूटीएफ-८ची सीएसव्ही निवडा, ती कॅल्कमध्ये (लिबरऑफिसच्या एक्सेलसारख्या भागात) उघडताना कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ ठेवा, फोन आणि पिनचे कॉलम 'टेक्स्ट' करा आणि ओडीएस (कॅल्कचा स्वतःचा फाइल प्रकार) म्हणून सेव्ह करा. मग रायटरमध्ये (लिबरऑफिसच्या वर्डसारख्या भागात) 'फाइल', 'विझार्ड्स', 'ॲड्रेस डेटा सोर्स' असं जाऊन ती फाइल नोंदवा. कंट्रोल-शिफ्ट-एफ४ दाबलं की यादी वर उघडते आणि कॉलमची शीर्षकं ओढून दस्तऐवजात टाकता येतात. प्रिंट देताना 'फॉर्म लेटर' छापायचं का असं विचारलं की 'येस'.

लेबलांवर छापत असाल तर वर्डमध्ये पहिलं लेबल मांडून झाल्यावर 'अपडेट लेबल्स' दाबायला विसरू नका, नाहीतर मांडलेला मजकूर पहिल्याच लेबलापुरता राहतो. ९९.१ बाय ३३.९ मिलिमीटरची सोळा लेबलं असलेला ए४ कागद महाग असतो. 'फिनिश अँड मर्ज'मधून 'एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स' घ्या, चाचणीची खोटी नोंद काढून टाका, पहिलं पान साध्या कागदावर छापा आणि लेबलच्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरा. मजकूर रेघेबाहेर जात असेल तर प्रिंटरच्या खिडकीत 'फिट टू पेज' चालू आहे का ते बघा. ते बंद करून छपाई शंभर टक्क्यांवर ठेवा.